युद्धनौकेचे अंदाजपत्रक आणि आपण

(कुंभकोणम येथे भरलेल्या अभ्यासवर्गात मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगार प्रतिनिधींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिका हातात पडल्यावर काल रात्री जेवणाच्या पंगतीत एका साथीने आम्हाला विचारले, "पेन्शन, कंत्राटी भरती, वेतन आयोग एवढे सगळे पडले असताना युद्धनौका कुठून काढल्या?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की, आपण ज्यांच्यासाठी भांडतो ती पेन्शन आणि ती भरती ज्या तिजोरीतून येते त्याच तिजोरीतून युद्धनौकाही येतात. आपल्या मागणीला "पैसा नाही" असे उत्तर मिळते, तेव्हा पैसा कुठे, कसा आणि किती जातो हे आपल्याला तोंडपाठ हवे. शिवाय या नौका बांधणारे हातही कामगारांचेच आहेत.

आपण बसलो आहोत ते ठिकाणही या विषयाला परके नाही. येथून ३५ किलोमीटरच्या आसपास गंगैकोंडचोळपुरम आहे. तिथे राजधानी वसवणाऱ्या राजेंद्र चोळाने १०२५ च्या सुमारास समुद्रापार श्रीविजयावर आरमार धाडले, आणि जिंकलेल्या ठिकाणांची यादी तंजावरच्या मोठ्या देवळावर कोरलेली आहे. त्याच देवळाच्या भिंतीवर आपल्या भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे, तो काहींनी परवा पाहिला. त्या घराण्यातील दुसऱ्या सरफोजी महाराजांनी किनाऱ्यावर मनोरा नावाची आठ मजल्यांची वास्तू उभारली. कशासाठी? तर इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला त्याच्या स्मरणार्थ! १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता, आणि आरमार तर नव्हतेच. महाराज विद्वान, ग्रंथप्रेमी, त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण दुसऱ्याच्या विजयाचा खांब आपल्या खर्चाने उभारण्याची पाळी येते ती कशाने, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो. देशाला नौदल हवे की नको, हा आमचा वाद नाही. हवे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'खुकरी' बुडाली तेव्हा तिच्यासोबत गेलेले खलाशी तुमच्या-आमच्यासारख्याच घरांतले होते. जुन्या, अपुऱ्या सामग्रीनिशी माणसे समुद्रावर पाठवू नयेत, या मताचे आम्ही आहोत. आमचा प्रश्न योजनेचा आणि हिशेबाचा आहे.

आता युद्धनौकांचा 'वर्ग' म्हणजे काय ते पाहू. रेल्वेच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. डब्ल्यूडीएम-२ इंजिन आठवा: एक आराखडा, आणि त्यावरून शेकडो इंजिने. नौदलातही एका आराखड्यावर बांधलेल्या नौकांच्या मालिकेला वर्ग म्हणतात आणि पहिल्या नौकेचे नाव त्या वर्गाला लागते. फरक एकच, पण तो फार महागात पडणारा. इंजिनाचा नमुना आधी करून, चालवून, दोष काढून मग उत्पादन सुरू करता येते. युद्धनौका एका वर्गात तीन, चार, फार तर सात. नमुना म्हणून वेगळी नौका कोणी बांधत नाही. पहिली नौका हाच नमुना आणि तीच लढायला जाणार. तिच्यावर कारागीर शिकतो, आराखडा करणारा शिकतो, आणि शिकवणीची फी पहिल्या नौकेच्या खात्यावर पडते.

आपल्या देशात ही शिकवणी मुंबईत माझगावला सुरू झाली. १९६० मध्ये केंद्र सरकारने माझगाव डॉक ताब्यात घेतले. १९६२ च्या युद्धानंतर संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना १९६४ पासून आखली गेली आणि ब्रिटिश लिअँडर आराखड्याच्या फ्रिगेटी इथे बांधायचे ठरले. 'निलगिरी'ची कील ऑक्टोबर १९६६ मध्ये पडली, दोन वर्षांनी इंदिरा गांधींच्या हस्ते जलावतरण झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात आली. एका मालिकेत सहा नौका झाल्या, शेवटची 'विंध्यगिरी' १९८१ मध्ये. तोच आराखडा वाढवून आपल्या लोकांनी 'गोदावरी' उतरवली, पुढे 'दिल्ली' वर्गाच्या विनाशिका. 'दिल्ली' नोव्हेंबर १९९७ मध्ये दाखल झाली. दरम्यान सोव्हिएत संघ कोसळला, तिकडून यायची सामग्री अडली, त्या हालअपेष्टांची एक वेगळीच कहाणी होईल. ती आज नको.

आम्ही उमेदीची वर्षे हार्बर मार्गावर नोकरी केली. सकाळच्या पाळीला डॉकयार्ड रोड स्थानकावर गाडी रिकामी व्हायची. डबा हातात, पायात जाड बूट, माझगावच्या उतारावरून माणसांचा लोंढा खाली जायचा. वेल्डर, फिटर, प्लेटर, रिगर, नळ जोडणारे, वायरी ओढणारे. ती गर्दी पाहूनच आम्हाला पहिल्यांदा वाटले की, वर्तमानपत्रात नौकेच्या जलावतरणाचा फोटो येतो त्यात ही माणसे कुठेच नसतात.

आता पैशाकडे येऊ. नव्या वर्गाची गरज नौदल मांडते. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद 'आवश्यकता मान्य' असा शेरा देते. मग गोदीकडून किंमत, वाटाघाटी, अर्थखात्याची तपासणी, आणि शेवटी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी. या शेवटच्या मंजुरीचा आकडा वर्तमानपत्रात येतो. तो वाचून सामान्य माणसाला वाटते, एवढे कोटी दिले! दिलेले नसतात. आपले पिंक बुक आठवा. नव्या मार्गाची मंजुरी मोठी, आणि त्या वर्षीची तरतूद? हजार रुपये नाममात्र! नौकांचेही तसेच असते. मंजुरी पंधरा वर्षांच्या खर्चाची, आणि पैसा दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून, कामाच्या टप्प्यागणिक. पोलाद कापले, कील पडली, जलावतरण झाले, चाचण्या झाल्या, असे हप्ते. ३१ मार्चला जे उरले ते परत. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते, त्यात भांडवली खर्चाच्या 'नौदल ताफा' या शीर्षाखाली सुमारे २४ हजार ३९० कोटी. यातला मोठा भाग आधी सही झालेल्या करारांच्या हप्त्यांतच जातो. नव्या वर्गाला जागा होते ती उरलेल्यात.

आणि तिजोरीत पैसा येतो कुठून? टपाल खात्यातील बंधू-भगिनींनी इथे कान द्यावा. कर पुरत नाही, म्हणून सरकार कर्ज काढते. १९६२ नंतर राष्ट्रीय संरक्षण प्रमाणपत्रे आपल्या खिडकीवरूनच विकली गेली, तेव्हा पैसा कशासाठी हे प्रमाणपत्राच्या नावावरच लिहिलेले होते. आज तसे नाव कुठे नाही. पण १९९९ पासून बचतपत्रे, आवर्ती ठेव, मासिक उत्पन्न योजना यांचा पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतो आणि त्यातून केंद्र सरकारला कर्ज मिळते. कर्जाच्या पैशाला रंग नसतो. त्यातून रस्ता होतो, अनुदान जाते, पगार होतो आणि नौकेचा हप्ताही जातो. खेड्यातली एखादी विधवा आपल्या खिडकीवर महिन्याला पाचशे रुपये भरते तेव्हा तीही या नौकांची सावकार असते. तिने हिशेब विचारला तर चुकले काय?

हिशेब विचारला की लगेच कोणीतरी देशभक्तीचा मुद्दा काढतो, म्हणून एक नाव घेतो. जॉर्ज फर्नांडिस. ८ मे १९७४ ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला तेव्हा ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. या सभेतल्या काहींच्या वडिलांनी त्या वीस दिवसांत तुरुंग पाहिला, काहींची क्वार्टर्स रिकामी करवली गेली. तेच जॉर्ज १९९८ मध्ये संरक्षणमंत्री झाले, आणि मे २००० मध्ये 'कोलकाता' वर्गाच्या तीन विनाशिकांना मंजुरी मिळाली तेव्हा त्या खात्यावर तेच होते. त्यांच्या राजकारणाविषयी आपल्यात तट आहेत, ते असू देत. सांगायचे ते हे की, रेल्वे कामगारांचा पुढारी ज्या टेबलावर बसला त्या टेबलावरचे कागद रेल्वे कामगाराने वाचू नयेत, असे कोणी म्हणू नये.

त्या कागदांत काय झाले? तीन नौकांची मंजुरी होती ३ हजार ५८० कोटी रुपयांची. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी देशी युद्धनौका बांधणीवर २०१०-११ च्या मालिकेतील अहवाल दिला, त्यात हा आकडा ११ हजार ६६२ कोटींवर गेलेला दिसतो. म्हणजे सव्वातीन पट. 'शिवालिक' वर्गाच्या तीन फ्रिगेटींचा आकडा २ हजार २५० कोटींवरून ८ हजार १०१ कोटींच्या पुढे, साडेतीन पटींहून अधिक. 'कोलकाता'ची कील सप्टेंबर २००३ मध्ये पडली, जलावतरण २००६ मध्ये झाले, आणि नौका दाखल झाली १६ ऑगस्ट २०१४ रोजी. ठरल्यापेक्षा वर्षे उलटून गेली होती.

असे आकडे बाहेर आले की पहिले बोट कोणाकडे वळते, हे तुम्हाला सांगायला नको. "सरकारी गोदी, युनियनवाले, काम करत नाहीत." आम्ही तो अहवाल डोळ्यांत तेल घालून वाचला. खर्च वाढीची मोठी कारणे गोदीच्या फाटकाच्या बाहेरची आहेत. आराखडा पुरा होण्याआधीच बांधणी सुरू करण्याची पद्धत. शस्त्रे कोणती बसवायची याचा निर्णय बांधणी चालू असताना बदलणे. आधी मंजूर झालेल्या विमानभेदी क्षेपणास्त्राच्या जागी 'कोलकाता'वर इस्रायलबरोबर मिळून विकसित केलेले लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र आले. नौका दाखल झाली ऑगस्ट २०१४ ला, आणि तिच्यावरून त्या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली डिसेंबर २०१५ च्या अखेरीस. 'शिवालिक'साठी रशियाचे विशिष्ट पोलाद वेळेवर मिळेना. शेवटी हैदराबादच्या संशोधकांनी आणि आपल्या सरकारी पोलाद कारखान्यांनी डीएमआर २४९ए हे पोलाद देशात तयार केले. ते चांगलेच झाले, आज आपल्या युद्धनौका त्याच पोलादाच्या बनतात. पण मंजुरीच्या कागदावर पोलाद मिळणार हे गृहीत धरलेले होते. त्यात करार 'खर्च अधिक नफा' या पद्धतीचे. खर्च वाढला तर देणारा देतच जातो, मग घाई कोणाला?

भिंत रंगवून झाल्यावर आत वायर टाकायला सांगितले तर भिंत फोडावी लागते, हे घरचे शहाणपण आहे. नौकेवर तर एका कंपार्टमेंटमध्ये वायर बदलायची म्हणजे नळ काढा, इन्सुलेशन काढा, वेल्ड कापा, पुन्हा जोडा, पुन्हा तपासणी. एकच काम दोनदा, तीनदा. त्या दुसऱ्या-तिसऱ्या वेळचे तास कामगाराच्या नावावर 'अकार्यक्षमता' म्हणून चढतात.

याच्या उलट उदाहरणही त्याच गोदीत घडले आहे, आणि आजच्या भाषणात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. 'कोलकाता'नंतरच्या चार नौकांचा, 'विशाखापट्टणम' वर्गाचा करार जानेवारी २०११ मध्ये झाला, सुमारे २९ हजार ६४३ कोटींचा. पुढे तो ३५ हजार कोटींच्या वर गेला. वाढ आहेच, पण तिप्पट नव्हे. मुळात सांगाडा 'कोलकाता'चाच ठेवला होता. आता जलावतरणापासून दाखल होईपर्यंतचा काळ मोजा. 'विशाखापट्टणम' एप्रिल २०१५ ते नोव्हेंबर २०२१, साडेसहा वर्षे. 'मुरगाव' सप्टेंबर २०१६ ते डिसेंबर २०२२, सव्वासहा. 'इंफाळ' एप्रिल २०१९ ते डिसेंबर २०२३, पावणेपाच. 'सूरत' मे २०२२ ते १५ जानेवारी २०२५, तीन वर्षेही नाहीत. माणसे तीच, गोदी तीच, युनियनही तीच! नंतरच्या नौका पाण्यात जाण्याआधीच अधिक भरल्या गेल्या होत्या, नवी मोठी क्रेन आणि कार्यशाळा आली होती, हेही खरे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण निर्णय ठरलेला, नकाशा पुरा, आणि हाताला सवय झालेली, म्हणून काम पळाले. त्याच १५ जानेवारीला 'सूरत'बरोबर नवी 'निलगिरी' दाखल झाली, सात फ्रिगेटींच्या वर्गातली पहिली. हा वर्ग सुमारे ४५ हजार कोटींचा आहे, चार नौका माझगावला आणि तीन कोलकात्याच्या गार्डन रीचला.

मग सवय झालेले हात आपण जपतो का? इथे आमचा राग आहे. 'मुंबई' या विनाशिकेची कील माझगावला डिसेंबर १९९२ मध्ये पडली. त्यानंतरच्या मोठ्या युद्धनौकेची, म्हणजे 'शिवालिक'ची, पडली जुलै २००१ मध्ये. साडेआठ वर्षे! १९९१ चे आर्थिक संकट, आटलेली तरतूद, सगळे मान्य. पण त्या साडेआठ वर्षांत पन्नाशीचा वेल्डर निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली शिकायला कोणी नव्हते. नंतर काम आले ते एकदम आले, आणि हात आले कंत्राटदाराकडून. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातील तरुण. यंत्र तेच, उष्णता तीच, पगार वेगळा, कँटीन वेगळे, ओळखपत्राचा रंग वेगळा. आपल्या यार्डात आणि आरएमएसमध्ये आपण हेच पाहिले आहे.

२१ जून २०१९ रोजी माझगावला बांधणी चालू असलेल्या 'विशाखापट्टणम'वर आग लागली. एक तरुण कंत्राटी कामगार आत अडकून मेला. नौका अडीच वर्षांनी समारंभाने दाखल झाली. त्याचे नाव आम्ही इथे घेत नाही, त्याच्या घरच्यांचे दुःख सभेत मांडण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण ३५ हजार कोटींच्या हिशेबात बंद कंपार्टमेंटमधून बाहेर पडण्याची वाट, धूर ओळखणारी यंत्रणा आणि कंत्राटी माणसाचे प्रशिक्षण यांचा रकाना किती रुपयांचा असतो, हे विचारण्याचा अधिकार आहे.

मध्यंतरी आणखी दोन गोष्टी झाल्या. २०२० मध्ये माझगाव डॉकचे शेअर १४५ रुपयांना बाजारात आले आणि मागणी दीडशे पटींहून अधिक झाली. म्हणजे आजारी, आळशी म्हणून हिणवलेली हीच सरकारी गोदी बाजाराला चालली! दुसरी गोष्ट या भागाशी निगडित आहे. येथून जवळच तिरुचिरापल्लीला आयुध निर्माणी आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील ४१ आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. कामगारांनी संपाची नोटीस देताच त्या वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आला आणि संपावर बंदी घातली गेली. कायदा एका वर्षाच्या मुदतीचा होता, ती संपली. पण वाट घालून दिली गेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी 'तलवार'वरून संप सुरू केला तेव्हा मुंबईचे लाखो कामगार काम बंद ठेवून त्यांच्यामागे उभे राहिले आणि गोळ्या झेलल्या. नौदल आणि कामगार यांचे नाते असे आहे. ते कोणी आम्हाला कायद्याने शिकवू नये.

आता करायचे काय? आम्हाला असे वाटते की, नव्या विनाशिकांचा आणि फ्रिगेटींचा पुढचा वर्ग मंजुरीला जाईल तेव्हा तीन गोष्टी कागदावर असाव्यात म्हणून संरक्षण उत्पादनातील संघटनांना आपण साथ द्यावी. आराखडा आणि मुख्य शस्त्रे ठरल्याशिवाय पोलाद कापू नये. एका वर्गाची शेवटची नौका धक्क्यावर असतानाच पुढच्याची कील पडेल अशी रांग लावावी. आणि प्रत्येक नौकेच्या किमतीत किती कायम कामगार, किती शिकाऊ, सुरक्षेवर किती खर्च हे वेगळे दाखवावे. तिसरी मागणी सर्वांत अवघड. पहिल्या दोन नौदलालाही हव्या आहेत, तिसरी फक्त आपल्याला.

एका साथीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: "पैसा नौकांना गेला तर आम्हाला काय उरणार?" प्रामाणिकपणे सांगतो, नौका कमी केल्या म्हणून ते पैसे आपोआप पेन्शनकडे येतील, असे मानणारे आम्ही नाही. तसे कधी झालेले नाही. पण 'कोलकाता' वर्गात मंजुरीवर जे ८ हजार कोटी अधिक लागले, त्यातला निर्णयांच्या घोळापायी गेलेला भाग कोणाच्याच कामी आला नाही. ना खलाशाच्या, ना वेल्डरच्या, ना टपालाच्या खिडकीवरच्या बाईच्या.

उद्या सकाळी नऊच्या सत्रात महालेखापरीक्षकांच्या अहवालातील तक्ते घेऊन बसू. या शहरातून जाणारा मुख्य मार्ग मीटरगेजचा होता, त्याचा विल्लुपुरम ते मयिलादुथुरै हा टप्पा २०१० मध्ये रुंद झाला. त्या कामाच्या तरतुदी दरवर्षी कशा पडत गेल्या, तेही शेजारी मांडून पाहू. ज्यांच्याकडे जुनी पिंक बुके आहेत त्यांनी ती आठवणीने आणावीत. चहा साडेदहाला आहे.